पाठ केलेले भाषण आणि पटलेले भाषण

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी आपल्या सभागृहात होणाऱ्या भाषणांची सुरुवात आपल्या माजी विद्यार्थ्यांना आजही मुखोद्गत असेल. व्यासपीठाला, अध्यक्षांना, गुरुजनांना आणि उपस्थित बंधुभगिनींना वंदन करून विद्यार्थी एक खोल श्वास घेतो आणि मग जे सुरू होते ते चार मिनिटे अखंड चालते. मुठी वळतात, आवाज चढतो, शेवटी टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या टाळ्यांत आम्ही शिक्षकही सामील असतो आणि आमच्या आनंदाला एक खासगी कारणही असते. ते भाषण बहुधा आम्हीच लिहून दिलेले असते.

ही कबुली स्मरणिकेत देण्यास एक निमित्त घडले. वक्तृत्व स्पर्धेत लागोपाठ बक्षिसे मिळवणारा आमचा एक विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटावयास आला. त्याच्या गल्लीत नळाला पाणी फार कमी येत होते. रहिवाशांनी शिष्टमंडळ नेले आणि बोलण्यासाठी साहजिकच त्याला पुढे केले, कारण तो ‘भाषण करणारा मुलगा’. अधिकाऱ्यांसमोर तो पाच मिनिटे उत्तम बोलला. संघर्ष आला, समता आली, चवदार तळेही आले. पाणी किती वाजता येते, किती मिनिटे टिकते, किती घरांना पुरते, हे मात्र आले नाही. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले, ‘छान बोलता तुम्ही’ असे म्हटले आणि पुढचा अर्ज हाती घेतला. हे सांगताना तो हसत होता, पण आम्हांस ते हसू झेपले नाही. त्याला बोलायला आम्ही शिकवले होते, आणि एखाद्याला एखादी गोष्ट पटवून द्यायला शिकवायचे मात्र राहून गेले होते.

वाहवा मिळणे आणि पटणे या दोन वेगळ्या घटना आहेत. वाहवा वक्त्याला मिळते, तर पटण्याची क्रिया श्रोत्याच्या मनात घडते. श्रोता सभागृहातून बाहेर पडल्यावर काल करत नव्हता ते आज करू लागला, अथवा करत होता ते थांबवले, तर भाषण पटले असे म्हणावे. या कसोटीवर घासून पाहिल्यास आपल्या कपाटातील अनेक ढाली फिक्या पडतात. मग विद्यार्थ्याचे भाषण पटते तरी कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर आम्ही आपल्याच परंपरेत शोधू लागलो आणि प्रथम भेटली ती एक विद्यार्थिनीच.

मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो निबंध असला तरी त्याची घडण बोलण्याची आहे. त्यात कोणाला तरी उद्देशून सतत प्रश्न विचारलेले आहेत आणि ते मोठ्याने वाचले असता समोर माणसे बसली आहेत असेच वाटते. त्या वयाची मुलगी काय करील? दुःखाचे वर्णन करील, करुणा भाकील. मुक्ता तसे करत नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे ती प्रथम मान्य करते. वेद आमचेच, ते आम्हीच पाहावेत, असे ब्राह्मण म्हणतात ना? ठीक. मग आम्हांला धर्मपुस्तक नाही हे उघडच झाले. आणि धर्मपुस्तक नसेल तर आमचा धर्म कोणता, हे देवानेच सांगावे. समोरच्याच्याच विधानाचे बोट धरून ती त्याला अशा ठिकाणी आणून उभे करते की तेथून त्याला मागे फिरता येत नाही. यात आवाज चढलेला नाही.

त्यानंतर ती पुरावा देते, आणि तो तिच्या समाजाच्या आठवणीतला आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या मांग-महाराची काय गत होई, त्याच्या मस्तकाचा चेंडू कसा केला जाई, हे ती गुलटेकडीच्या मैदानाचे नाव घेऊन सांगते. डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते. ‘अत्याचार’ या एका शब्दात जे बसले असते, ते ती मैदानाच्या नावासह मांडते. त्या काळच्या पुणेकर वाचकाला ते मैदान ठाऊक होते, तो तेथून जात-येत होता. नाव घेतल्यामुळे ऐकणाऱ्याला ‘कुठेतरी, कधीतरी’ असे म्हणून अंग काढून घेता येत नाही.

आम्हांस सर्वांत धाडसाची वाटते ती तिसरी गोष्ट. मुक्ता आपल्या माणसांनाही सोडत नाही. महारही स्वतःला मांगांपेक्षा श्रेष्ठ समजू लागले आहेत, हे ती स्पष्ट लिहिते आणि शेवटी ज्ञान मिळवा असे आपल्याच लोकांना विनवते. टाळ्या हव्या असलेला वक्ता आपल्या श्रोत्यांचा दोष सांगत नाही. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात लहान मुलाच्या तोंडात अडकलेल्या काडीखड्याचा दृष्टांत आहे. तो काढताना रक्त आले तरी काढावाच लागतो, कारण मुलाविषयी करुणा असते. सत्य असेल, हिताचे असेल, तर अप्रियही बोलावे, परंतु योग्य वेळ पाहून, असे तेथे तथागतांच्या वाणीविषयी सांगितले आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मुलीने हे सुत्त वाचले असण्याचा प्रश्नच नाही. तरी तिची वाणी त्याच जातीची आहे.

आमच्या लेखणीतून उतरलेल्या भाषणांत यातले काय होते, हे आम्ही प्रामाणिकपणे तपासले. प्रतिपक्षाचे म्हणणे नव्हते आणि मैदानाचे नावही नव्हते. होती ती थोर पुरुषांची वचने, ओळीने मांडलेली. येथे आम्हांस थोडे स्पष्ट लिहावे लागेल. ‘बाबासाहेब म्हणाले आहेत’ हे वाक्य आपल्या सभांत युक्तिवादाच्या जागी बसवले जाते, जणू त्यापुढे काही सिद्ध करावयाचे उरत नाही. आपल्या सभेत त्यावर टाळ्याही मिळतात. पण ज्याला आपले म्हणणे पटवायचे आहे तो आपल्या सभेतला नसतो. कालाम सुत्तात बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते हेच, की केवळ परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून स्वीकारू नका. स्वतः बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात विभूतिपूजेपासून सावध राहण्याचा इशारा दिला. त्यांच्या नावाचा उपयोग विचार थांबवण्यासाठी करणे हा त्यांचा गौरव नव्हे. त्यांच्याकडून वचने घेण्यापेक्षा त्यांची पद्धत घ्यावी, असे आमचे मत आहे.

ती पद्धत कशी होती? ‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली. मनोऱ्याला मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास जिना नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला त्याने त्याच मजल्यावर मरावे. ही उपमा भाषेला शोभा आणण्यासाठी आलेली नाही. लायकी असूनही माणूस वर का जाऊ शकत नाही आणि नालायक असूनही खाली का येत नाही, हा सगळा युक्तिवाद तिने एका चित्रात सांगून टाकला. चाळीत राहणाऱ्या माणसाला जिना म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. विद्यार्थ्यांना आम्ही आता सांगतो की उपमा वापरा, पण ती काढून टाकली असता युक्तिवाद लंगडा पडत असेल तरच ठेवा. ‘सूर्यासारखे तेजस्वी’ काढले तर काही बिघडत नाही.

तथापि पटवून देणे म्हणजे काय याचा मोठा धडा महाडलाच मिळतो, आणि तोही मार्चमधल्या नव्हे, डिसेंबरमधल्या महाडला. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा प्रसंग प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तेथे दुसरी परिषद भरली. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या सभेची तुलना १७८९ साली व्हर्साय येथे भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली. आपण तळ्यावर केवळ पाणी पिण्यासाठी जात नसून आपणही इतरांसारखी माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी जात आहोत, अशी त्यांची मांडणी होती. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी नावे नोंदवून हजारो माणसे आली होती. गावोगावहून, पदरमोड करून, घरी काय होईल याची तमा न बाळगता.

परंतु विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवलेला होता. आता तळ्यावर जायचे तर लढा सनातन्यांपुरता राहणार नव्हता, तो सरकारशीही होणार होता. जमलेल्यांचा कल सत्याग्रह करावा असाच होता. अशा सभेला ‘चला’ म्हणणे किती सोपे! एका वाक्यात आभाळ दुमदुमले असते. बाबासाहेबांनी ‘थांबा’ म्हटले. दोन आघाड्यांवर एकदम लढण्याचे परिणाम त्यांनी समोर ठेवले. लोकांच्या धैर्याविषयी शंका घेतली नाही, पण ते धैर्य कोठे खर्च करावे हे विचारले. सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव संमत झाला, तळ्याभोवती मिरवणूक निघाली आणि पेटलेले लोक शिस्तीने घरोघर परतले. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षे! आपल्याच माणसांना, त्यांच्या मनाविरुद्ध, त्यांच्याच हिताची गोष्ट पटवणे ही वक्तृत्वाची परीक्षा होती. आमच्या शालेय भाषणांत मार्च असतो, डिसेंबर नसतो. त्याचे कारण उघड आहे. मार्चला टाळ्या आहेत.

या प्रसंगातून विद्यार्थ्याने काय उचलावे? आम्ही एक गोष्ट मुख्य मानतो. वक्त्याने श्रोत्याची अडचण आधी ओळखावी आणि ती लहान लेखू नये. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. बुद्ध आळवीस आले त्या दिवशी नेमका त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता दुपार झाली. तो उपाशीपोटी, धावतपळत उपदेश ऐकायला आला. बुद्ध तोवर थांबले होते. तो आल्यावर त्यांनी प्रथम विचारले, की भिक्षूंना दिलेल्या अन्नापैकी काही उरले आहे काय, आणि त्याला जेवू घातल्यावरच उपदेश केला. भुकेल्या माणसाला दुःखाचे तत्त्वज्ञान कळणार नाही, हे त्यांनी कुरकुरणाऱ्या भिक्षूंना सांगितले. अंगुत्तर निकायात सुभाषित वाणीची पाच अंगे दिली आहेत. ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रचित्ताने बोललेली असावी. या पाचांत वेळ सर्वप्रथम येते. रात्रपाळी करून आलेल्या बापाला सकाळी सात वाजता शिक्षणाचे महत्त्व सांगणाऱ्या मुलाने हे जरूर लक्षात घ्यावे, आणि पालकसभा दुपारी दोनला ठेवणाऱ्या आम्हीही.

आता आपल्या परिसराकडे येऊ. देवनारचे कचराक्षेपण केंद्र १९२७ सालचे, म्हणजे महाडच्याच वर्षीचे. हा निव्वळ योगायोग, पण आमच्या मुलांना तो फार लागतो. तेथील कचऱ्याच्या धुरावर भाषण करणारी मुले दर वर्षी असतात. एक विद्यार्थी उभा राहून म्हणतो, ‘प्रदूषण हा मानवजातीला लागलेला शाप आहे.’ ऐकणारा मान डोलावतो, कारण मानवजातीसाठी त्याला आज काही करावयाचे नसते. दुसरा म्हणतो, ‘जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला मोठी आग लागली तेव्हा शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा माझी थोरली बहीण पहिलीत होती. आई ओला फडका दाराच्या फटीत कोंबत होती.’ त्या फडक्यासरशी सभागृह स्तब्ध होते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात आपला एम पूर्व विभाग शहरात तळाशी होता, हा आकडाही या फडक्यानंतर सांगितला तर लागतो. आधी सांगितला तर तो नुसता आकडा राहतो.

मात्र इथेच थांबणारे भाषण केवळ हळहळ निर्माण करते. वक्त्याला काय हवे आहे? ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही मागणी नव्हे. शासन या नावाचा कोणी गृहस्थ समोर बसलेला नसतो. समोर पालक असतील तर पालकांना शक्य आहे ते मागावे. अधिकारी असतील तर त्यांच्या अधिकारातले एक काम मागावे. दहा मागण्या करणाऱ्याची एकही कोणाच्या लक्षात राहत नाही. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याने ‘सकाळी पाच ते साडेपाच ऐवजी सहा ते साडेसहा पाणी सोडा, कारण पाच वाजता बायका कामावरून परतलेल्या नसतात’ एवढेच मागितले असते, तर ‘छान बोलता’ म्हणून त्याला वाटेस लावणे कठीण गेले असते. नकार द्यायचा तरी त्याचे कारण सांगावे लागले असते, आणि कारण मिळाले की पुढचे बोलणे करता येते.

भाषेविषयीही एक गाऱ्हाणे आहे, आणि ते आमचे आमच्याविरुद्धच आहे. आपल्या वसतिगृहात विदर्भातून, मराठवाड्यातून आलेल्या घरांची मुले आहेत आणि गोवंडीच्या गल्ल्यांत वाढलेली, घराबाहेर हिंदीच बोलणारीही आहेत. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचे गुण आम्ही वर्षानुवर्षे कापले. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ती अर्जाची, न्यायालयाची, परीक्षेची भाषा आहे आणि आमच्या मुलांना तिच्यापासून वंचित ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु आजीचे शब्द जसेच्या तसे सांगताना मुलगा तिचे ‘पानी’ दुरुस्त करू लागला, की आजी नाहीशी होते आणि पुरावाही. म्हणून आता नियम असा, की वक्त्याचे स्वतःचे वाक्य प्रमाण भाषेत, साक्षीदाराचे वाक्य साक्षीदाराच्या भाषेत. याबाबतीत बाहेरून येणाऱ्या परीक्षकांशी आमचा वाद होतो. होऊ द्यावा.

आवाज, हावभाव, उभे राहण्याची ढब यांविषयी फार लिहीत नाही. त्यावर पुस्तके पुष्कळ आहेत. इतकेच सांगतो, की संपूर्ण भाषण पाठ करणाऱ्या मुलाचे डोळे आत वळलेले असतात, तो पुढची ओळ वाचत असतो. पहिले वाक्य, शेवटचे वाक्य आणि मधल्या मुद्द्यांचा क्रम एवढेच पाठ असेल तर त्याला श्रोत्यांचे चेहरे दिसतात. मध्येच कोणाच्या कपाळाला आठी पडली तर तो थांबून दुसरे उदाहरण देऊ शकतो. अडखळण्याची भीती वाटते, हे खरे. पण शोधत असलेला शब्द सापडेपर्यंत श्रोते थांबतात. विसरलेली ओळ आठवेपर्यंत थांबत नाहीत.

शालेय स्पर्धेच्या गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचे भान असे रकाने असतात. ‘पटले काय?’ हा रकाना कोठेही नसतो. आम्ही आपल्या अंतर्गत स्पर्धेत पाठांतराचा रकाना काढला आणि त्याजागी दोन प्रश्नांची पद्धत आणली. प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांतील कोणीही दोन प्रश्न विचारावेत आणि वक्त्याने त्यांची उत्तरे द्यावीत. पहिल्या वर्षी फजिती झाली. लिहून दिलेली भाषणे पहिल्याच प्रश्नाला कोसळली, आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ते पाहिले. सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे आणि १९५० मध्ये तिच्यापुढे खुद्द बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले, हे आम्ही मुलांना सांगतो. पार्लमेंटमध्ये ज्यावर घनघोर वाद चालू होता तो विषय त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडण्याजोगा मानला, याचा मुलांना अचंबा वाटतो.

गेल्या पालकसभेत नववीतील एक विद्यार्थिनी बोलली. ती वसतिगृहात न राहता घरून येणाऱ्या मुलींपैकी. विषय तिनेच निवडला, की धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलींना घरी ठेवू नये. आधीच्या मसुद्यात सावित्रीबाईंवर दीड पान होते. ते तिने स्वतःच काढले. म्हणाली, सावित्रीबाईंना आमच्या आया मानतातच, त्यात पटवायचे काय आहे? तिने हजेरीपटावरून आपले स्वतःचे गैरहजेरीचे दिवस मोजून आणले होते. ते किती, आणि त्यांतल्या किती दिवशी ती आजारी होती आणि किती दिवशी भाऊ आजारी होता, एवढेच तिने सांगितले. आईला दोष दिला नाही. आई सहाला घरकामाला जाते, गेली नाही तर पगार कापतात, हेही तिनेच सांगितले. शेवटी मागितले ते एवढेच, की परीक्षेच्या आधीचा महिना तरी मोठ्या मुलीला घरी ठेवू नका.

मागच्या रांगेतून एक आई उठल्या. ‘पोरी, बोलतीस ते खरं हाय, पण मग लहान्याला बघायचं कुणी?’ सभागृहात कुजबुज झाली. मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मावशी, ते मला पण नाही सुचलं. तुमच्या गल्लीत दुपारी घरी कोण असतं?’

तिला त्या दिवशी बक्षीस नव्हते, पालकसभेत बक्षिसे नसतात. सभा संपल्यावर चौघी आया दारापाशी उभ्या राहून कोणाची सुट्टी कोणत्या वारी असते याचा हिशेब करत होत्या. त्या मुलीला त्यांनी मध्ये उभे केले होते आणि तिच्याच वहीच्या पाठच्या पानावर वार लिहून घेत होत्या.